द्राक्षाच्या मण्याएवढा घोडा

नाशिककराला समुद्राचं अगत्य कमीच. आमची गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हा समुद्रातल्या जिवाचं मापही मी द्राक्षातच देणार. थॉम्पसन द्राक्षाचा एक लांबट मणी तळहातावर घ्या. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत तेवढाच, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरचा, एक अख्खा घोडा प्रवाळांत राहतो.

हा बुटका समुद्रघोडा. पाणघोड्याशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. हा खरं तर मासा. त्याचा शोध मात्र कुणी घेतलाच नव्हता. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबां हे मत्स्यालयासाठी समुद्रपंखा गोळा करत होते. समुद्रपंखा हे झाड नव्हे, तो जाळीदार पंख्यासारखा पसरलेला मऊ प्रवाळ. तो बाहेर काढून न्याहाळताना फांदीवरच्या गाठींपैकी काही हलल्या! भाडेकरू आपल्या घरासकट उचलून आणला होता. पुढच्या वर्षी गिल्बर्ट व्हिटली यांनी त्याचं नामकरण केलं, हिप्पोकॅम्पस बार्जिबांटी.

तोवर हा घोडा नजरेतून सुटला, याचा दोष कुणालाच देता येत नाही. अंगावरचे फोड नेमके मिटलेल्या प्रवाळकळ्यांसारखे, रंगही तेच : फिकट करड्यावर गुलाबी-तांबडे, नाहीतर पिवळ्यावर नारिंगी. शेपटीने फांदी धरून तो बसतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. मुरिसेला जातीच्या पंख्याखेरीज त्याचं पानही हलत नाही. एका पंख्यावर २८ जोड्या मोजल्याचीही नोंद आहे. आपल्या वाड्यांतसुद्धा एवढी बिऱ्हाडं नसायची.

मग हा रंग जन्मतःच येतो का? २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात या घोड्यांची पिल्लं पहिल्यांदाच माणसाच्या देखरेखीत वाढली. आईबाप नारिंगी. पिल्लं जन्मली तेव्हा मळकट रंगाची होती. त्यांना जांभळा पंखा दिला, तर ती जांभळी झाली. म्हणजे वेश आईबापाचा नसतो, ज्या घरी ती उतरतात त्या घराचा असतो. मला या साऱ्या कहाणीत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

गर्भारपण अर्थातच बापाकडे. मोठ्या समुद्रघोड्यांची पिशवी शेपटीवर असते, या बुटक्यांची धडातच. दोनेक आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्यासोबत वाहत जातात. पुढे पंखा सापडला तर संसार.

या बुटक्यांची यादी अलीकडे वाढतेच आहे. २००८ साली सातोमी जातीची नोंद झाली, ती तर दीड सेंटिमीटरही भरत नाही. २०१८ मध्ये जपानमधली एक जात आली. तिथल्या लोकांना ती डुकराच्या पिल्लासारखी वाटते, म्हणून नावच 'जापापिगू'! नंतर, २०२० मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना उपसागरातून 'नालू' आला. तोवर ही मंडळी प्रशांत महासागराच्या आसपासचीच समजली जात. हा मात्र आपल्या हिंदी महासागरातला, आग्नेय आशियातल्या भाऊबंदांपासून ८,००० किलोमीटरहून दूर. तो पंख्यावरही बसत नाही. लाटांनी झोडपलेल्या खडकावरच्या शेवाळात राहतो. तिकडच्या झुलू भाषेत 'नालू'चा अर्थ 'हा बघा, इथे आहे'.

आपल्याकडे मोठे समुद्रघोडे आहेत. ट्रॉल जाळ्यांत ते भलत्याच मासळीबरोबर येतात, आणि वाळवून औषधासाठी परदेशी विकले जायचे. २००१ साली त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, जागा मिळाली.

आणि विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला, पाण्याखाली वीसेक मीटरवर, आंग्रिया बँक आहे. पासबुक नसलेली. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं प्रवाळपठार. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी तिथे मोहीम काढली होती. तिथे एखादा बुटका घोडा असेल का, मला ठाऊक नाही. अशा पाण्यात उतरणारा माणूस आधी देवमासा शोधतो, कासव शोधतो. द्राक्षाएवढा घोडा बघायचा तर मात्र एकाच जागी, एकाच फांदीपाशी, श्वास मोजत थांबावं लागतं.