कोलकात्यातला रविवार

कोलकात्यात शिकायला गेलेल्या मराठी मुलाचा शनिवार कपडे धुण्यात आणि घरी फोन करण्यात जातो. रविवारी मात्र त्याने शहर पाहावे. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या भीतीने 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो अपुराच राहिला, पुढे बुजवला गेला. फौजा शहरावर आल्याच नाहीत.

खेड्यापाड्यांत मात्र त्या गेल्या आणि त्यांनी लूट केली. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर; स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. या ‘बारगीर’वरून बंगालीत ‘बर्गी’ शब्द आला, आणि तो थेट अंगाईत जाऊन बसला.

त्याच शहरात लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. त्या फोर्ट विल्यमला आता ‘विजय दुर्ग’ म्हणतात. हे नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या आरमारी किल्ल्यावरून घेतलेले आहे.

कॅडेट मित्रांनो, एका शहरात आपल्या या दोन आठवणी आहेत. गणवेश घालणाऱ्याने दोन्ही ध्यानात ठेवाव्यात. आपण निघून गेल्यावर तिथल्या आया मुलांना काय सांगतील, हे आपल्या वागण्यावर ठरते.