पेटीचा खोटा तळ

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा खेळ होता. कलेक्टर जॅक्सन साहेबांची बदली झालेली, त्यांच्या निरोपासाठीच तो ठेवलेला. साहेब संस्कृत जाणणारे, म्हणून लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. पण बाबाराव सावरकरांचा खटला सेशनकडे पाठवला तो याच पंडितानं, आणि कविता छापल्याबद्दल बाबारावांना जन्मठेप झाली होती.

साहेब आत शिरले, तसा एक कोवळा मुलगा पुढे झाला. पहिली गोळी हुकली. मुलानं लगेच पुन्हा चाप ओढला, आणि परत ओढला. जॅक्सन कोसळले. मुलगा जागीच पकडला गेला. नाव अनंत कान्हेरे, शिक्षण औरंगाबादला. आमचं अणदूर काय नि औरंगाबाद काय, दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणून ही गोष्ट मला नाशिकवाल्यांइतकीच जवळची.

मुलगा सापडला, पण पोलिसांना झोप नव्हती. कारण त्याच्या हातात होतं ते ब्राउनिंग. गावठी कट्टा नव्हे, की कुणा शिपायाचं चोरलेलं रिव्हॉल्व्हर नव्हे. आपोआप भरणारं नवंकोरं परदेशी पिस्तूल या पोराकडे आलं कुठून?

इथे आणखी एक नाट्यगृह आठवतं. १४ एप्रिल १८६५ ला वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली, ती हेन्री डेरिंजर या फिलाडेल्फियाच्या कारागिराच्या पिस्तुलानं. मुठीत मावेल एवढं, पण नळी .४४ इंचाची, म्हणजे जवळजवळ ११ मिलिमीटर. ठासणीचं असल्यामुळे बार एकच. तो झाला की जवळचा सुरा काढायचा, आणि मारेकरी बूथनं तेच केलं. पिस्तूल तिथेच पडलं, त्यावर कारागिराचं नाव कोरलेलं. पुढे त्या नावात एक ‘र’ जास्तीचा घुसला आणि इंग्रजीत असल्या सगळ्याच खिशातल्या पिस्तुलांना ते चिकटलं. रेमिंग्टन कंपनीनं तर दोन नळ्यांचं डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत विकलं.

ब्राउनिंगचा हिशेब उलटा. नळी लहान, बार अनेक. अमेरिकेतल्या युटाच्या जॉन ब्राउनिंगनं आराखडा केला आणि बेल्जियममधल्या हेरस्टालच्या ‘फाब्रिक नासिओनाल’नं तो कारखान्यात उतरवला. ही कंपनी १८८९ मध्ये निघाली ती बेल्जियमच्या लष्कराला माउझर रायफली पुरवायला. तिचं नाव जगभर झालं ते मात्र या पिस्तुलांनी. त्यांचा १९०० सालचा नमुना घ्या: ७.६५ मिलिमीटरची गोळी, खोक्यात ७ काडतुसं, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि जाडी इतकी कमी की कोटाच्या खिशात फुगवटा येत नाही. नाशिकच्या दोन महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ ला, हार्बिनच्या स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो हिरोबुमींना टिपलं ते याच नमुन्यानं.

नाशिकमध्ये धरपकड सुरू झाली. एकजण बोलला, मग दुसरा, आणि धागा थेट लंडनमधल्या ‘इंडिया हाउस’ या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचला. तिथला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि त्यानं पेटीची हकीकत सांगितली. बाबारावांचे धाकटे भाऊ विनायकराव सावरकर यांनी पॅरिसहून मिळवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं १९०९ च्या सुरुवातीला त्याच्या सामानातून मुंबईला आली होती. पेटीला खोटा तळ. वर त्याचं सामान, खाली पिस्तुलं.

सहाशे ग्रॅमचं एक धरलं तरी वीस म्हणजे बारा किलो, काडतुसं वेगळीच. रिकामी झाल्यावरही जड लागणारी पेटी उचलून पाहायचं मुंबई बंदरात कुणाला सुचलं नाही! वीस डेरिंजर आली असती तर एकूण वीसच बार झाले असते, आणि विजयानंदमध्ये पहिला हुकल्यावर गोष्ट तिथेच संपली असती.

अनंत कान्हेरे आणि त्याचे कटातले साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. विनायकरावांना त्याच वर्षी २४ डिसेंबरला कटाच्या खटल्यात जन्मठेप लागली. ३० जानेवारी १९११ ला जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी झाली, ती या पेटीपायी. दोन्ही एकापाठोपाठ एक भोगायच्या होत्या. एकूण ५० वर्षं.