गाडी किती पळते?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालो, की वाटेत चितेगाव लागते. इथे कारखाने आहेत. शिफ्ट सुटली, की रस्त्याला माणसांची रीघ लागते. त्यातच यष्टी, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर. नाथषष्ठी आली, की पैठणची वाट धरलेल्या दिंड्या. या गर्दीतून एखादी मोटार सूं करून निघून जाते. म्हातारी माणसे म्हणतात, "काय पळवतोय बघा!"

पण तो किती पळवतो? आणि किती पळवावी? चला, हिशेब करू.

गाडीने एका तासात किती किलोमीटर जावे, याची सरकारने हद्द घातलेली असते. तिला वेगमर्यादा म्हणतात. ती रस्त्याप्रमाणे बदलते. याच जिल्ह्यात सावंगी, माळीवाडा इथून समृद्धी महामार्ग जातो. त्याच्या सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ट्रकला ८० ची. तो रस्ता वेगळा आहे. तिथे पायी माणूस नाही, बैलगाडी नाही, मोटारसायकलसुद्धा नाही. तिथला वेग गावच्या रस्त्यावर आणला, तर कसे चालेल?

आणि तिथेही मर्यादा मोडतातच. ते कळते कसे? सोपे आहे. गाडी रस्त्यावर कधी चढली आणि कधी उतरली, याची वेळ पाहायची. ताशी १२० ने ६० किलोमीटरला अर्धा तास लागतो. एखादा २४ मिनिटांत पोचला, तर त्याचा वेग १५० झाला. तो ३० ने पुढे गेला. कॅमेरा दिसल्यावर गाडी हळू केली, तरी हा हिशेब काही चुकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कॅमेरे बसवले आहेत. कायद्याने लहान गाडीला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. मोठ्या गाडीला २,००० ते ४,०००.

मर्यादा मोडणे ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली वॉल्टर आर्नोल्ड नावाच्या माणसाला दंड झाला. गावात मर्यादा होती ताशी २ मैल. हा गेला ८ मैलांनी, म्हणजे चौपट! पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला धरले. आज हसू येते. पण आजच्या वेगाला हसण्याची सोय नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या दर १०० पैकी ७१ माणसांच्या मरणाला अतिवेग कारण झाला, अशी सरकारी नोंद आहे.

गाडीवान म्हणतो, "अहो, वीसच तर जास्त होते. त्यात काय बिघडले?"

मग हे पाहा. समोर ४० मीटरवर एक पोर रस्त्यात आले. गाडीवानाला ते दिसते, मग त्याचा पाय ब्रेकवर जातो. यात एक सेकंद तरी जातो. ताशी ६० ची गाडी तेवढ्यात १७ मीटर पुढे येते. ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर घसटते. रस्ता कोरडा असेल, तर ३७ मीटरवर थांबते. पोर वाचले.

आता ८० ची गाडी घ्या. त्याच एका सेकंदात ती २२ मीटर येते. ब्रेक करकचून लावला, तरी पोराजवळ पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी सुमारे ५६ असतो. हा वेग म्हणजे किती? ४० फूट खोल कोरड्या विहिरीत पडलेला माणूस तळाशी एवढ्याच वेगाने आदळतो. हा त्या "वीसच जास्त"चा हिशेब. पाऊस पडून रस्ता ओला झाला, टायर झिजलेले असले, की तो आणखी वाढतो.

आणि या घाईत वेळ तरी किती वाचतो? संभाजीनगर ते पैठण सुमारे ५० किलोमीटर. ६० ने गेलात तर ५० मिनिटे, ७५ ने गेलात तर ४०. तीही कुठे न थांबता. बिडकीनला गर्दीत अडकलात, की ती दहा मिनिटे तिथेच जातात.

रस्ता ओलांडणाऱ्याला मात्र वेगाचा अंदाज यावा लागतो. दोन पदरी रस्ता सुमारे ७ मीटर रुंद असतो. म्हाताऱ्या माणसाला तो ओलांडायला ७ सेकंद लागतात. गाडी १५० मीटरवर दिसली आणि ६० ने येत असली, तर ती ९ सेकंदांनी पोचेल. तोवर आजी पलीकडे गेलेल्या असतील. तीच गाडी १०० ने आली, तर साडेपाच सेकंदांत पोचेल. आजी अजून रस्त्यातच!

हा वेग घड्याळाशिवायही मोजता येतो. महामार्गावर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला एक लहान दगड असतो. कडेला लांब उभे राहा. गाडी एका दगडापाशी आली, की सावकाश एक, दोन, तीन असे मोजायला लागा. पुढच्या दगडापर्यंत १२ आकडे झाले, तर वेग ६०. नऊ झाले, तर ८०. सातच झाले, तर ती शंभराच्या वर पळते आहे.