बेडी तुटली, पण वळ राहिले

मैत्रिणींनो, तुमच्या लग्नाची नोंद कुठं आहे, आठवतं का? कुणाकडे दाखला असेल, कुणाकडे ट्रंकेत जपलेली पत्रिका. वर्षानुवर्षं आपण त्या कागदाकडे ढुंकूनही बघत नाही. आपला संसार आपला आणि आपली मुलं आपली, यात शंका ती काय घ्यायची? पण एके काळी अमेरिकेत लाखो बायका अशा होत्या, की त्यांचा संसार कायद्याच्या लेखी संसारच नव्हता.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. ‘लिंकनने गुलामगिरी नष्ट केली’ हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. पाठ करायला सोपंच आहे ते. पण त्या वाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे बायकांचं केवढं तरी सोसणं दडलं आहे. आज त्याविषयीच थोडं बोलू या.

१६६२ साली व्हर्जिनियात एक कायदा झाला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरवायचं. बाप मळ्याचा गोरा मालक असला तरी आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम! कळा सोसायच्या बाईनं आणि भर पडायची मालकाच्या मालमत्तेत. गुलामांच्या लग्नाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या. मालक कर्जात बुडाला की मूल लिलावात. १८६० च्या शिरगणतीत अशा गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख भरली.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरताच होता. गुलामगिरी साऱ्या देशातून कायमची जावी, म्हणून तेरावी घटनादुरुस्ती आणावी लागली. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि ६ डिसेंबरला पुरेशा राज्यांनी तिला मान्यता दिली. ते पाहायला लिंकन मात्र नव्हते. एप्रिलमध्येच त्यांचा खून झाला होता.

सुटका झाल्यावर या माणसांनी काय केलं असेल? कितीतरी जोडपी, पदरी मुलंबाळं असलेली, आपल्या लग्नाची नोंद करायला गेली. आणि कितीतरी आयांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझं मूल अमक्या मालकाने विकलं, त्याचं नाव अमुक, कुणी पाहिलंय का? सुटकेनंतर पुढे कित्येक वर्षं अशा जाहिराती येतच राहिल्या. वाचताना पोटात कालवतं हो!

पण त्या दुरुस्तीतच एक फट राहिली होती. ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीची मजुरी घ्यायला तिने मोकळीक ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच कायदे केले. हाताला काम नसलेल्या काळ्या माणसाला भटक्या ठरवायचं, दंड करायचा. दंड भरता आला नाही, तर त्याला मजुरीला जुंपायचं. तुरुंगांतले कैदी खाणींना, मळ्यांना, रेल्वेच्या कामांना भाड्याने दिले जाऊ लागले. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली.

बायकांच्या वाट्याला आली परक्यांची धुणीभांडी. अटलांटा शहरातल्या धोबिणी स्वतः साबण करीत, गव्हाच्या कोंड्याची खळ काढीत, दारूची पिंपं अर्धी कापून त्यात कपडे भिजवीत. विहिरीचं पाणी ओढायचं, शेगडीवर इस्त्र्या तापवायच्या. जुलै १८८१ मध्ये त्यांतल्या वीसजणींनी संघटना काढली आणि ‘बारा पौंड कपड्यांना एक डॉलर’ असा दर मागितला. तीनेक आठवड्यांत तीन हजार बायकांनी काम थांबवलं! काहींना अटक झाली, दंड झाला. धोबिणींवर वर्षाला पंचवीस डॉलरचा परवाना लादायचा घाट नगरपालिकेनं घातला. त्या म्हणाल्या, परवाना भरू, पण दर आम्ही ठरवू. शेवटी तो बेत बारगळला.

सोळा वर्षांपूर्वी ज्यांना अंगावरच्या कपड्यावरही हक्क नव्हता, त्यांनी आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगितली, हे केवढं मोठं धैर्य! तरीही १९३५ साली अमेरिकेत म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना वगळलं. काळ्या बायका बहुतेक याच दोन कामांत होत्या. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातही तेच. घरकामाला किमान वेतन लागू व्हायला १९७४ साल उजाडलं.

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ही लढाई लांबून पाहिली होती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. दूरच्या देशातली बेडी त्यांनी आपल्या दारातल्या बेडीशी ताडून पाहिली.

ती फट अजून पुरती बुजलेली नाही. कोलोरॅडोने २०१८ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेतून हा अपवाद काढून टाकला, पुढे आणखी काही राज्यांनीही काढला. पण देशाच्या घटनेत ते शब्द आजही आहेत. आणि मिसिसिपी राज्याला तेराव्या दुरुस्तीला मान्यता द्यायला १९९५ साल लागलं. त्याची रीतसर नोंद तर २०१३ मध्ये झाली!

कायदा व्हावाच लागतो, मैत्रिणींनो. त्याच्यावाचून काहीच हलत नाही. पण तो घरोघरी पोचतो तो माणसांच्या वागण्यातून. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाला येणाऱ्या बाईचे खाडे बिनचूक मांडतो. त्याच कॅलेंडरवर तिच्या हक्काच्या भरपगारी सुट्ट्याही मांडल्या, तर? या महिन्यापासून एवढं करून बघा.