रानपिंगळ्याचा शोध

सातपुड्याच्या डोंगररांगांत, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगी हे गाव वसलेले आहे. भोवताली साग, मोह आणि बांबू यांचे रान आहे. पहाटे त्या रानातून अनेक आवाज उठतात. ‘पाखरे ओरडत आहेत,’ एवढेच कोणी म्हणेल. परंतु ज्याला पक्षिनिरीक्षणाची गोडी लागली आहे, त्याला त्या गलबल्यातही तांबटाची एकसुरी टुकटुक निराळी ऐकू येते. सातभाईंचा कलकलाट वेगळा कळतो. आणि दुभंगलेल्या शेपटीवरून कोतवाल दुरूनच ओळखता येतो.

नुसते पाहणे आणि निरखणे यांत मोठे अंतर आहे. याच सातपुड्यातील एका पक्ष्याची कथा त्याची साक्ष देते.

रानपिंगळा हे एक लहानसे घुबड. शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले १८७३ साली. १८८४ नंतर मात्र तो कोणास आढळला नाही. पुढे माइनर्ट्‌झहागन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने, १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपणांस तो मिळाला, असे सांगितले. त्या नोंदीवर विसंबलेल्या शोधकांचे श्रम वाया गेले. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रॅसमुसेन यांनी संग्रहालयांतील जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा ती नोंद खोटी असल्याचे उघड झाले. दुसऱ्याने मिळवलेला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती!

मग खऱ्या नोंदींचा माग काढीत रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर, त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी तो पुन्हा सापडला होता.

तो ओळखला कसा? नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याचे पाय दाट पिसांनी झाकलेले असतात आणि तो दिवसाउजेडीही वावरतो. एवढे बारकावे ज्याला ठाऊक नाहीत, तो त्याच्या समोरून निघून गेला असता.

ही दृष्टी सोबतीने लवकर येते. मुंबईत १८८३ साली अवघ्या आठ जणांनी निसर्गाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापिली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांपैकी दोघे होत. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आज गावोगावच्या पक्षिमित्रांची रीतही साधीच असते. रानाशी मिळतेजुळते कपडे घालून ते पहाटे निघतात, हळू बोलतात, घरट्यांजवळ जात नाहीत. तारीख, वेळ, ठिकाण, रंग, चोच, शेपूट आणि आवाज यांची टिपणे ते जागच्या जागी करतात. एकाला जे दिसले, ते दुसरा पडताळून पाहतो. शंका असेल, तेथे ‘शंका आहे’ असेच लिहितात.

दुर्बीण उसनी मिळू शकते. प्रामाणिकपणा मात्र स्वतःचाच लागतो. एका खोट्या नोंदीने शोधकांना भलत्या वाटेने नेले. खऱ्या नोंदींनी हरवलेला पक्षी परत मिळवून दिला. मोलगीच्या एखाद्या मुलाने आज वहीत लिहिलेली खरी ओळही उद्या कोणाला अशीच वाट दाखवील.