हिंगोलीची बाळंतीण, नांदेडचा आकडा

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या एखाद्या गरोदर बाईचा रक्तदाब नवव्या महिन्यात चढला, की दवाखान्यात ‘पुढं न्या’ असं सांगतात. पुढं म्हणजे कुठं, हे रस्ता ठरवतो. वसमतहून हिंगोलीपेक्षा नांदेड जवळ, म्हणून गाडी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाकडे वळते. बाळंतपण सुखरूप झालं तर ते नांदेडच्या खात्यावर जमा होतं. बाळ दगावलं तर तेही तिथंच. नऊ महिने तिच्या दारी चकरा मारणाऱ्या आशाताई आणि नर्सबाई मात्र हिंगोलीच्या. मग जिल्ह्याजिल्ह्यांची आरोग्यसेवा तोलताना या बाईला कोणत्या पारड्यात टाकायचं?

अशी मोजणी जगभर झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली १९१ देशांच्या आरोग्ययंत्रणांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, भारत ११२वा. त्या पद्धतीवर एवढी टीका झाली, की संघटनेनं तशी यादी पुन्हा काढली नाही. हौस मात्र फिटली नाही. आपल्याकडे नीती आयोगानं राज्यांचा आरोग्य निर्देशांक काढला, संशोधक जिल्हे एकमेकांशी ताडून पाहतात. त्यांच्या एका आवडत्या रीतीचा पाया मायकेल फॅरेल या अर्थशास्त्रज्ञानं १९५७ साली घातला, तोही शेतीच्या उत्पादनाचं उदाहरण घेऊन. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८मध्ये तिला आजचं गणिती रूप दिलं. एका बाजूला डॉक्टर, परिचारिका, खाटा, पैसा. दुसऱ्या बाजूला तपासलेले रुग्ण, बाळंतपणं, लसीकरण. थोडक्या साधनांत सर्वांत जास्त काम करणाऱ्यांची एक हद्द आखायची आणि बाकीचे तिच्या किती मागे आहेत ते पाहायचं.

गणित चोख आहे. पण भाजक लहान केला की भागाकार फुगतो, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आरोग्य केंद्रातल्या दोन डॉक्टरांपैकी एक जागा रिकामी राहिली आणि दाराशी रांग तेवढीच राहिली, तर कागदावर त्या केंद्राचं डॉक्टरमागचं काम दुप्पट होतं. रिक्त पद हा गुण ठरतो! खाटांचंही तसंच. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण सांभाळणारं नांदेडचं रुग्णालय या हिशेबात अव्वल ठरावं. तिथंच ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात अर्भकं होती. आसपासच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरांत एवढं मोठं दुसरं सरकारी रुग्णालय नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या टापूत हिंगोलीचा मुलूखही येतो.

दुसऱ्याच्या आकड्यात मिसळून जाणं हिंगोलीच्या वाट्याला जुनंच आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ साली विभागांचा अनुशेष मोजला, त्यातल्या नऊ क्षेत्रांत आरोग्यही होतं. पण तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता, परभणीच्या सरासरीत तो विरघळलेला. १ मे १९९९ला जिल्हा वेगळा झाला आणि २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात ०.६४८ या निर्देशांकासह तळाच्या ओळीत दिसला. राज्याचा आकडा ०.७५२ होता. आकडा खोटा नव्हता. पण त्यावरून सेवा देणाऱ्यांची कुवत कळत नाही, आणि गरिबीचा दोष नर्सबाईच्या माथी मारणं फार सोपं असतं.

कारभाराची वाटणीही गुंतागुंतीची. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय शल्य चिकित्सकांकडे, विष्णुपुरी तर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. त्यात आरोग्य खात्याच्या रचनेत हिंगोली छत्रपती संभाजीनगर मंडळात आणि नांदेड लातूर मंडळात. रुग्ण एका दिवसात ज्या सीमा ओलांडतो, त्या फायलींना ओलांडवत नाहीत. हिंगोलीतल्याच सेनगाव तालुक्याच्या वरच्या अंगाच्या गावांना शेजारच्या जिल्ह्यातलं रिसोड-वाशीम सोयीचं पडतं, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहेच, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची लेकरं कोणत्या गावच्या लसीकरणात धरायची हाही प्रश्नच.

यावर उपाय नाही असं नाही. माता मृत्यूच्या अन्वेषणात बाई कुठल्या गावची, कुठून कुठे पाठवली, वाटेत किती वेळ गेला, हे विचारलं जातं. गरोदर मातांची नावानिशी नोंदही होते. पण मासिक आकडे रुग्णालयाच्या नावानं गोळा होतात आणि तक्ते त्यांच्यावरच बेततात. नमुना नोंदणीतला माता मृत्यू दरही राज्यापुरताच मिळतो; २०१८-२०साठी महाराष्ट्राचा लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, त्यात हिंगोली किती हे कळत नाही. मृत्यूनंतर जी विचारपूस होते, ती जिवंत बाळंतिणीचीही झाली, की पारडी सरळ होतील.

हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ला राज्यातल्या दहा महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हे एक. ते पुऱ्या ताकदीनं चालू लागलं, की नांदेडला जाणाऱ्या अवघड केसेस इथंच थांबतील. त्यांतल्या काही दगावतील आणि मृत्यू हिंगोलीच्या खात्यावर पडतील. म्हणजे सेवा सुधारेल त्याच वर्षी जिल्हा क्रमवारीत घसरू शकेल. तसा तक्ता कुणी तुमच्यासमोर धरला, तर आधी एवढंच विचारा: हे रुग्ण कालपर्यंत कुठं मोजले जात होते?