उत्तरेच्या गॅलरीत ऊन

आज सकाळी नात मला उठवायला आली ती तक्रार घेऊनच. "आबा, ऊन वाट चुकलंय. आपल्या गॅलरीत आलंय!"

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीतली ही गॅलरी करी रोडच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूची. वर्षातले कितीतरी महिने तिथं पापडसुद्धा वाळत नाहीत. आणि आज ढगांच्या फटीतून एक तिरपी पिवळी पट्टी येऊन कॅलेंडरवर टेकली होती. तारीख २१ जून. मी म्हटलं, "वाट चुकलेलं नाही गं बाय, अगदी वेळेवर आलंय. दादाला उठव, गोष्ट सांगतो."

सूर्य पूर्वेला उगवतो, हे तुम्ही शाळेत पाठ केलंत. पण अगदी नेमक्या पूर्वेला तो वर्षातून दोनच वेळा उगवतो, मार्चच्या तिसऱ्या आणि सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात. तेव्हा तो आपल्याला कॉटन ग्रीनच्या दिशेला दिसतो. मार्चनंतर रोज सकाळी तो थोडा थोडा डावीकडे सरकतो, आणि जूनमध्ये पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला, शिवडीच्या अंगाला उगवतो. डिसेंबरात तेवढाच उजवीकडे, रे रोडच्या अंगाला. झोपाळा टोकाला गेला की परतण्याआधी क्षणभर थबकतो ना? तसा सूर्य आत्ता थबकलाय. या चार-पाच दिवसांत त्याची उगवायची जागा हलल्यासारखी वाटतच नाही. मग हळूहळू तो दक्षिणेची वाट धरतो. पंचांगात त्यालाच दक्षिणायन म्हणतात.

"सूर्य जवळ आला म्हणून दिवस मोठा झाला का?" नातवानं विचारलं. शहाण्यासुरत्या माणसांनाही तसंच वाटतं. पण खरं ऐकशील तर थक्क होशील. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर. जानेवारीत, आपण स्वेटर शोधतो तेव्हा, ती १४ कोटी ७० लाखांवर असते. सगळी करणी आहे ती कलण्याची. पृथ्वीचा भोवरा साडेतेवीस अंश कललेला आहे, आणि आत्ता त्याचं वरचं टोक सूर्याकडे झुकलंय.

त्या कलण्यानं आपल्या मुंबईला काय मिळतं? आजचा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला लहानात लहान अकरा तासांचा. फरक सव्वादोन तासांचा. आता बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया देशात चला. तिथं रीगा शहरात आजचा दिवस जवळजवळ १८ तासांचा, आणि डिसेंबरातला सात तासांचाही नाही. ज्यांच्या पदरात वर्षभरात अकरा तास उजेड पडतो आणि निसटतो, ती माणसं आजच्या दिवसाला नुसतं कॅलेंडरवर कसं सोडतील? ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीपासून तिथले लोक या रात्री टेकड्यांवर शेकोट्या पेटवत आलेत. पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, बायकांच्या डोक्यावर रानफुलांचे. शहाजिरं घातलेलं ताजं चीज खायचं, गाणी म्हणायची, आगीवरून उड्या मारायच्या आणि सूर्य उगवेपर्यंत झोपायचं नाही. आजही २३ आणि २४ जूनला तिथं देशभर सुट्टी असते. इंग्लंडात स्टोनहेंजला तर साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी प्रचंड शिळा अशा मांडून ठेवल्या, की याच सुमाराला उगवता सूर्य त्यांच्या वाटेच्या रेषेत येतो. लिहिता न येणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं क्षितिजावर नजर ठेवल्याशिवाय हे जमलं नसतं. मला तर त्या शिळांपेक्षा त्या नजरेचंच कौतुक वाटतं.

पुढे चर्च आलं. आग विझवण्यापेक्षा तिला नवं नाव देणं सोपं. २४ जून हा संत जॉनचा जन्मदिवस ठरला, कारण जुन्या रोमन पंचांगात सूर्याचं थबकणं त्याच तारखेच्या आसपास धरत. पोर्तुगालमध्ये त्याचं नाव झालं सांव जुआंव, आणि तिथंही लोक या रात्री आगीवरून उड्या मारू लागले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या सणांबरोबर हाही सण जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरला.

आणि इथं, पोरांनो, खरी गंमत झाली. जूनअखेरीस गोव्यात शेकोटी कशी टिकणार? लाकडं ओली, अंगणात चिखल, विहिरी तुडुंब. तेव्हा आग मागे पडली आणि पाणी पुढे आलं. हल्ली दर २४ जूनला गोव्यातले ख्रिस्ती लोक सांजांव साजरा करतात तो विहिरीत उड्या मारून. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट असतो, त्याला कोपेल म्हणतात. घुमट वाजतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात, नव्या जावयाला सासुरवाडीचं बोलावणं येतं. संत जॉन आईच्या पोटात आनंदानं उसळला होता, म्हणून ही उडी, असं ते सांगतात. सुंदरच आहे ती कथा. पण तो मुकुट आणि ती उडी लाटव्हियातही सापडते. माझ्या तरुणपणी माझगावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या गावमंडळाच्या खोल्यांत, माझा एक मित्र राहायचा. बोटीवर खलाशी होता. सांजांवच्या दिवशी मुंबईत असला तर विहिरीच्या आठवणीनं व्याकूळ व्हायचा. शेवटी नळाखाली बादली भरून डोक्यावर ओतून घ्यायचा.

"मग आपला असा सण नाही?" नातीनं विचारलं. सण नाही, पण नाव आहे. मृगानंतर कोणतं नक्षत्र येतं? आर्द्रा. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रा नक्षत्रात शिरतो. आर्द्रा म्हणजे ओली. आता हा योग कायमचा नाही. पृथ्वीचा भोवरा डुलतो, त्यामुळे दर ७०-७२ वर्षांनी ही तारीख एका दिवसानं पुढे सरकते. पण आपल्या पणजोबांपासून आतापर्यंत तरी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाला आपण ओल्या नक्षत्राच्या हवाली करत आलोय. आणि हा पाऊस कोण आणतं? हाच सूर्य. उत्तरेला सरकता सरकता तो जमीन तापवतो, तापलेली हवा वर चढते, आणि तिच्या जागी समुद्रावरची ओली हवा धावत येते. जिथं सूर्य जातो तिथं पावसाचा पट्टा त्याच्या मागून जातो. लाटव्हियातल्या माणसाला सूर्य उजेड बनून भेटतो, आपल्याला पाणी बनून.

तिकडे आणखी एक समजूत आहे. या एकाच रात्री रानात नेच्याला फूल येतं, आणि ते ज्याला सापडेल त्याचं भाग्य उजळतं. जोडपी रात्रभर शोधत फिरतात. आता जिन्याखालच्या पाइपाकडे बघा. पाऊस पडला की ओल्या भिंतीतून जी झालरीसारखी हिरवी पानं डोकावतात, तोच नेचा. त्याला फूल कधीच येत नाही. पिकलं पान पालथं करा, तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. त्यांत बीजाणू असतात, धुळीहून बारीक. वाऱ्यावर उडतात, ओल मिळाली की रुजतात. फुलं पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून नेच्यांचा हा संसार चाललाय.

तुमच्या आजीला मात्र नेच्यापेक्षा वड महत्त्वाचा. वटपौर्णिमा चंद्राच्या हिशेबानं येते, म्हणून जूनभर मागेपुढे होते. पण २०२४ साली ती नेमकी २१ जूनला आली होती. दिवसा सूर्य माथ्याच्याही पलीकडे, उत्तरेला. आणि रात्री पूर्ण चंद्र दक्षिणेला, बराच खाली, डिसेंबरातल्या सूर्याच्या वाटेनं चाललेला. आजी ताटात आंबा, जांभळं, करवंदं घेऊन निघाली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सूत गुंडाळताना आज मला सावलीत उभं राहायला जागा नाही." आकाशाचं गणित तिला माझ्याआधी कळलं होतं.

बारा वाजून गेल्यावर आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मीटरभर काठी सरळ उभी धरली. मुंबईचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आज तो बारा चाळीसला. ढग दाटलेले. नातू दोनदा म्हणाला, "जाऊ या खाली." बारा अडतीसला एक फट पडली आणि काठीच्या पायाशी आठ सेंटिमीटरची, बोटाएवढी सावली उमटली.

"आबा, ही भायखळ्याकडे पडलीये!"

हो, दक्षिणेकडे. मेच्या मध्याला ती नाहीशी झाली होती, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा नाहीशी होईल, आणि मग करी रोडकडे वाढत वाढत डिसेंबरात ९१ सेंटिमीटर होईल. नातीनं टोकावर खडूनं खूण केली. तिच्या पाठीवर पहिला थेंब पडला आणि खडू पुसायला लागला. मग नातू धावत खाली गेला, खिळा आणि हातोडी घेऊन आला.